मुलांना घेऊन ध्रुवाच्या वाटेवर

मैत्रिणींनो, "आई, मे महिन्यात ध्रुवप्रकाश बघायला जाऊ या ना!" असा हट्ट मुलांनी धरला, तर हो म्हणण्याआधी कॅलेंडर काढा. नॉर्वेतलं ट्रॉम्सो ध्रुववृत्ताच्याही वर. तिथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. मग आकाशातले रंग दिसायचे कसे? साठवलेले पैसे जायचे नि मुलं हिरमुसायची! मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा तर मेअखेर. ध्रुवप्रकाशासाठी दिवाळीची सुटी बरी. ढग आले तर तेव्हाही काही दिसत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

आता कपडे. आम्ही भिवंडीकर मागावरच्या कापडात वाढलेल्या. पण तिथे अंगालगत सुती नको. घामाने भिजलं की सूत लवकर वाळत नाही, अंग गार पडतं. आत लोकरीचं, मध्ये स्वेटर, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. बूट थोडे सैल घ्या. मोजे घट्ट बसले की पाय उलट गारठतात.

मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांतच संपतो, तारीख बघा. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतोच. सहा वर्षांखालच्यांना व्हिसाची फी नाही.

आणि हो, नॉर्वेत बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. तेव्हा पेढे घरीच राहू द्या, चिवडा भरा!

पैसे जमेपर्यंत भिंतीवर नकाशा लावा. सहलीची निम्मी मौज तिथेच सुरू होते, बरं का!