हमिंगबर्ड नव्हे, शिंजीर!

पावसाळ्यात फुलांच्या ताटव्यावर हवेतच थबकून मध पिणारा एक इवलासा जीव दिसतो आणि ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड आला’ म्हणत त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतो. तो पक्षी नसतो, दिवसा उडणारा पतंग असतो. खरे हमिंगबर्ड आज फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत व भोवतालच्या बेटांवर आढळतात.

त्यात हळहळण्यासारखे काही नाही. आपल्याकडे शिंजीर आहे.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना चितेगाव लागते. हिवाळ्यात जायकवाडी धरणावरचे रोहित (फ्लेमिंगो) पाहायला निघालेले पक्षिप्रेमी याच रस्त्याने जातात. धरणाच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, हा परिसर १९८६मध्ये पक्षी अभयारण्य झाला. शिंजिरासाठी मात्र धरणापर्यंत जायची गरज नाही. चितेगावातच कारखान्यांच्या शेजारी, दोन खोल्यांच्या घरापुढे एखादी जास्वंद असली तरी त्याचे भागते.

हा पक्षी जेमतेम दहा सेंटीमीटरचा, वजनाने दहा ग्रॅमच्या आतबाहेर. विणीच्या दिवसांत नर सावलीत काळा दिसतो. उन्हात आला की निळा-जांभळा झळाळतो. मादी वरून मातकट हिरवी, पोटाशी पिवळसर. हमिंगबर्डशी त्याचे जवळचे नाते नाही. फुलातला मध पिण्यासाठी लांब चोच आणि नळीसारखी जीभ दोघांकडे स्वतंत्रपणे विकसित झाली. हमिंगबर्ड तरंगत पितो, शिंजीर शक्यतो फांदीवर बसून. म्हणूनच फुलाजवळ पाय टेकायला बळकट डहाळी असलेली झाडे त्याला सोयीची. जास्वंदीत तो कधी पाकळ्यांच्या बुडाशीच भोक पाडून मध पळवतो. अशा वेळी परागीभवनाचे काम राहूनच जाते. पक्षी आणि फुले यांच्या या देवघेवीवर सलीम अली यांनी १९३२मध्येच सविस्तर लिहिले होते.

बाग लावताना नुसती शोभा पाहू नये, कोणत्या महिन्यात काय फुलते ते पाहावे. माघ-फाल्गुनात बांधावर पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, आणि त्यामागोमाग शिंजिराची वीण सुरू होते. हे वृक्ष अंगणात मावत नाहीत, पण बांधावर असतील तर तोडू नयेत. घराजवळ जास्वंद, शेवगा, हादगा, अडुळसा, कोरफड लावता येते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जास्वंद तगवायला भांडी विसळलेले पाणीही चालते, फक्त त्यात साबण नको.

साखरेच्या पाण्याच्या लाल बाटल्या बाजारात मिळतात. त्या टाळलेल्या बऱ्या. चाळीस अंशांच्या उन्हात ते पाणी लवकर आंबते, मुंग्या लागतात, आणि पिलांना नुसत्या गोडावर वाढता येत नाही. त्यांना कोळी आणि बारीक किडे लागतात. बागेत कीटकनाशक फवारले तर फुले राहतील, पिलांचा घास जाईल.

कोळ्याची जाळीही सगळी झाडून काढू नयेत. मादी त्याच धाग्यांनी वाळकी पाने, गवत, सालीचे तुकडे जोडून लोंबती थैली विणते. दारावर छोटीशी वळचण काढते, आत मऊ कापूस अंथरते. हे घरटे कधी व्हरांड्यातल्या वायरीलाही लटकते. तिथला बल्ब बदलायचा असेल तर पिले उडेपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, थांबावे. अंडी मादी एकटीच उबवते. पिलांना भरवायला मात्र नरही येतो. याच काळात तो मोटारसायकलच्या आरशातल्या प्रतिबिंबाला दुसरा नर समजून त्यावर चोची मारत राहतो. आरशावर जुना मोजा चढवला की त्याची दमछाक थांबते.

वीण संपली की नराची झळाळी उतरते. तो मादीसारखाच पिवळसर होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा तेवढा उरतो. शिंजीर निघून गेला असे अनेकांना वाटते ते याच वेळी. तो तिथेच असतो, आणि थंडीत कोरफडीच्या दांड्यावर फुले आली की त्या पट्ट्यावरून ओळखू येतो.