मागच्या आसनावरची वारी

कार्तिक शुद्ध एकादशीस भगवान योगनिद्रेतून जागे होतात, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून तिला प्रबोधिनी म्हणावयाचे. २०२३ सालच्या प्रबोधिनीस आम्ही उभयतांनी पंढरीची वारी केली. देव तर त्याच्या नेमाने जागा झालाच. पण त्या वाटेवर मलाही जाग आली.

सौभाग्यवतींची दृष्टी गेली कित्येक वर्षे उणावत चालली होती. आता उजेड आणि अंधार एवढाच भेद कळतो. ती माळशिरस तालुक्यातील शेतकऱ्याची लेक. आषाढात माऊलींची पालखी तिच्या माहेरच्या वाटेने जाई. पण दृष्टी गेल्यापासून, “माझे ओझे तुम्हांला कशाला?” असे म्हणून ती वारीचे नावच काढीनाशी झाली. अशातच एका स्नेह्याने आपली जोडसायकल आम्हांस वापरावयास दिली.

वाचकांपैकी अनेकांनी ती पाहिली नसेल. एकाच सांगाड्यावर पुढेमागे दोन आसने आणि दोघांना पायडले. हँडल, ब्रेक, गिअर हे सारे पुढच्याच्या हाती. पायडले मात्र साखळीने एकमेकांशी जोडलेली. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरलाच पाहिजे. मागच्याने बळ द्यावयाचे आणि विश्वास ठेवावयाचा.

कार्तिक शुद्ध षष्ठीस आळंदीला समाधीचे दर्शन घेऊन आम्ही निघालो. पालखीच्या मार्गाने पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पहिली कसोटी दिवे घाटाची. अर्ध्या चढावर मला धाप लागली. मस्तानी तलाव दाखवण्याच्या निमित्ताने थांबावे असे मनात आले आणि मग शरमलो; दाखवणार कोणाला? तेवढ्यात मागून आवाज आला, “तुम्ही फक्त सरळ धरा. पायांचे मी बघते.” घाट आम्ही चढलो तो तिच्या बळावर.

दुसऱ्या दिवशी जेजुरी, वाल्हे मागे टाकून नीरेजवळ आलो. समोर उसाची बैलगाडी आडवी आली. मी एकदम ब्रेक दाबला. सायकल कलंडली, सौ. रस्त्याच्या कडेला पडली, गुडघा खरचटला. मी धावलो. ती शांतपणे म्हणाली, “अहो, लागल्याचे काही नाही. पण मला न सांगता थांबलात. मला दिसत नाही. पण मी मागे आहे ना?”

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दवाखाना कोणता, घर कोणते, कोणत्या लग्नाला जावयाचे आणि कोणत्या नाही, हे सारे मी तिच्या काळजीपोटी परस्पर ठरवीत आलो होतो. न सांगता ब्रेक दाबण्याची सवय मला त्या रस्त्यावर लागलेली नव्हती.

माऊलींच्या पादुकांना जेथे स्नान घालतात, त्या नीरेच्या पाण्याने तिचा गुडघा धुतला आणि पुढे निघालो. आता मी बोलू लागलो: “खड्डा आहे.” “उतार लागला.” “डावीकडे वळतो.” आणि नवल असे की, तीही बोलू लागली. लोणंदला बाजार दिसण्यापूर्वीच तिला कांद्याचा वास आला. फलटणच्या पुढे हवा गार झाली, तशी म्हणाली, “कालवा जवळ आहे. उसाची सळसळ ऐका.” नीरेच्या उजव्या कालव्यावरचा तो मुलूख तिच्या अंगात भिनलेला! पुढे एका माळावर मात्र ती गप्प झाली. “इथे वाऱ्याला पातच लागत नाही. ज्वारी उगवली नाही का हो?” मी पाहिले. त्या वर्षी पाऊस कमी झालेला. कोरडवाहू रान खरोखरच उघडे पडले होते. मी डोळस असून तिथून नुसताच पुढे गेलो असतो.

वेळापूरला अर्धनारीनटेश्वरापुढे दोघांनी हात जोडले. एकाच देहात शिव आणि पार्वती! तेथे कोण पुढे आणि कोण मागे?

दशमीस पंढरपुरात पोहोचलो. यात्राकाळात देवाचा पलंग काढतात. देव निजत नाही, अहोरात्र दर्शन देतो. रात्रभर रांगेत उभे राहून गाभाऱ्यात गेलो. पंढरीनाथाचे एक मोठेपण असे की, त्याच्या पायांवर प्रत्यक्ष डोके टेकता येते. सौ.ने समचरणांवर मस्तक ठेवले, क्षणभर हात फिरवला. तिच्या दर्शनात काही उणे राहिले, असे म्हणण्याचे धाडस मला होणार नाही.

बाहेर आल्यावर मी विचारले, “काय मागितलेस?”

“काही नाही. आले म्हणून सांगितले.”

वाचकहो, आपल्याही घरी असे एखादे माणूस असेल. काळजीच्या नावाखाली त्याला घरी ठेवू नका. आणि बरोबर न्याल तेव्हा वळण्यापूर्वी, थांबण्यापूर्वी त्याला सांगा. ते मागच्या आसनावर असते एवढेच. वारी त्याचीही असते.