केंबरांचा दिवस

सकाळी ६. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत नाल्याकाठच्या उंबराची फळं रंग धरू लागलीत. एक ब्लेडनं चिरतो, भिंग लावतो. आतल्या फुगलेल्या फुलांवर केंबरांचे, म्हणजे उंबरातल्या इवल्या किड्यांचे, फिकट, बिनपंखी नर फिरताहेत. फुलांच्या या गाठी कुरतडून ते आतल्या माद्यांशी संग करतात, मग फळाच्या भिंतीला भोक पाडतात. तिथंच त्यांचं आयुष्य संपतं.

८. भोकातून तिळाहून बारीक, काळ्या माद्या निघू लागल्या. बाहेर पडण्याआधी प्रत्येकीनं परागकण छातीवरच्या खिशांत भरलेले असतात. पराग तिच्या अंगाला नुसते चिकटत नाहीत, ती ते पायांनी गोळा करते. इतक्याशा जिवाची ही तयारी मला दर वेळी थक्क करते. भोकाच्या तोंडाशी मुंग्या टपलेल्या. कित्येकींचा प्रवास तिथंच आटोपतो.

१०. शेजारच्या काकू थांबल्या. "काय पाहून राहिले जी? केंबरंच तं हायेत! अंजिरातबी असतेत काय?" पुरंदरच्या अंजिराला या किड्याची गरज लागत नाही, काकू. उंबराचं बी मात्र त्याच्याशिवाय धरत नाही.

१२. मादीच्या हाती एखाद-दोन दिवस. या झाडाची फळं बहुधा एकाच वयाची, तिला हवीत कोवळी, म्हणजे दुसरं झाड. वास आणि वारा हेच वाटाडे. नामिबियात उंबराच्या एका जवळच्या भाईबंदाची केंबरं १६० किलोमीटरपर्यंत पराग नेतात, असं २००९ साली दिसून आलं. तरी वाटेत उंबरंच उरली नाहीत तर वारा काय करणार? २०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्त्यासाठी जुनी झाडं तोडली जाऊ लागली, तेव्हा वर्धेकरांनी विरोध केला. तो मला अगदी रास्त वाटला. उंबर तुटलं की फक्त सावली जात नाही, केंबरांच्या वाटेतला एक टप्पाही जातो.

दुपारी ४. सायकलनं पवनारकडे. इथल्या उंबरावर हिरवी, कोवळी फळं. एक मादी फळाच्या तोंडाशी खवल्यांत घुसतेय. पंख मोडले, मिशाही तुटल्या. आत ती आखूड फुलांत अंडी घालील, लांब फुलांवर पराग टाकील आणि तिथंच मरेल. शेजारी दुसऱ्याच जातीची एक माशी लांब सुईसारखा अवयव बाहेरूनच फळात खुपसून अंडी घालतेय. पराग देणं नाही, घेणं नाही.

संध्याकाळी ७. सिंदीच्या उंबरावर वटवाघळं आली. बी आता त्यांच्यासोबत दूर जाईल. पवनारच्या फळांना खुणेची सुतळी बांधून आलोय. त्यांतली पिढी काही आठवड्यांनी उडेल, तेव्हा इथं कोवळी फळं असतील का, हे फांदीवर पाहत राहायचं आहे.