माडाला घातलेलं खत विहिरीत का उतरतं? ओळखा आपली पुळणवट जमीन

मिरग लागला की किनारपट्टीच्या गावांत एक काम हमखास होतं. माडाभोवती आळं उकरायचं, वर्षभराचं खत एकदम टाकायचं आणि वर माती ओढायची. मग पाऊस धरतो आणि खत लागू पडलं असं समजून माणूस दुसऱ्या कामाला लागतो. डोंगराकडच्या गावात हे थोडंफार चालून जातं. पण देवबाग, तारकर्ली, तोंडवळी, शिरोडा अशा दर्याला लागून असलेल्या गावांत बरीच जमीन पुळणीची, म्हणजे वाळूची आहे. तिथे पहिल्या मोठ्या पावसातच युरिया विरघळून मुळांच्या खाली निघून जातो. खाली असतं भूजल, आणि तेच पाणी परड्यातल्या विहिरीत येतं. पैसे माडाला घातले, पोचले विहिरीत.

‘पुळणीत पाणी रवणा नाय’ हे तर घरोघरी माहीत आहे. ते का राहत नाही, हे कळलं की खताचा, पाण्याचा आणि पंपाचा हिशेबच बदलतो.

कण मोठा, पोट लहान

मातीच्या शास्त्रात वाळू कशाला म्हणायचं याचं माप ठरलेलं आहे. 2 मिलिमीटर ते 0.05 मिलिमीटर आकाराचा कण म्हणजे वाळू. त्याहून बारीक तो पोयटा आणि 0.002 मिलिमीटरच्या खाली गेला की चिकणमाती. म्हणजे वाळूचा सर्वांत बारीक कणसुद्धा चिकणमातीच्या सर्वांत जाड कणापेक्षा 25 पट मोठा असतो. एका घमेल्यात खडी भरा, दुसऱ्यात पीठ आणि दोन्हींवर पाणी ओता. खडीतलं पाणी तळाला जातं, पीठ ते धरून बसतं. पुळण आणि चिकणमातीचा फरक हाच आहे.

आकडे पाहा. एक मीटर खोल वाळूच्या जमिनीत पिकाला घेता येईल असं पाणी साधारण 50 ते 80 मिलिमीटर मावतं. चिकणमातीत 150 ते 200 मावतं. आता हे आपल्या मापात आणू. एका गुंठ्यावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 100 लिटर. भाजीची मुळं वरच्या फूटभर मातीत असतात. तेवढ्या थरात एका गुंठ्याला फार तर 1500 ते 2400 लिटर पाणी धरून राहतं. उन्हाळ्यात पीक दिवसाला 5 ते 6 मिलिमीटर, म्हणजे गुंठ्याला 500 ते 600 लिटर पितं. तीन-चार दिवसांत खेळ खलास. म्हणून आठवड्यातून एकदा भरपूर पाणी सोडणारा शेतकरी पहिल्या दिवशी निम्मं पाणी पाताळात घालवतो आणि शेवटचे तीन दिवस पीक कोमेजलेलं बघतो.

खताचं तसंच. चिकणमातीच्या कणावर पोटॅश, कॅल्शियम, अमोनिया धरून ठेवण्याची ताकद असते. वाळूच्या कणावर ती जवळपास नाहीच. जे काही धरलं जातं ते वाळूत मिसळलेल्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्यामुळे. पुळणीत शेणखत घालणं ही नुसती जुनी रीत नाही. तिथे खत ठेवायला दुसरं कपाटच नाही.

सगळी पुळण एकसारखी नसते, हेही ध्यानात ठेवायला हवं. वेंगुर्ल्याकडच्या वाळूत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण भरपूर असतात. रत्नागिरीजवळ काळबादेवीला वाळूत काळ्या रेघा दिसतात, ते इल्मेनाइट नावाचं जड खनिज. बऱ्याच ठिकाणी शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो आणि शेतीच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा. शिंपला म्हणजे चुना. त्यामुळे अशा जमिनीचा सामू 7 च्या वर जातो आणि जस्त व लोह जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही. नवी पानं पिवळी पडतात. डोंगरावरच्या जांभ्या मातीत नेमकं उलटं असतं. ती आम्लधर्मी असते आणि तिथलं लोह स्फुरदाला बांधून ठेवतं. म्हणून कातळावरच्या बागेला लागू पडलेला सल्ला पुळणीतल्या वाडीला तसाच लावला तर फसगत होते. जांभ्या जमिनीत चुना टाकायला सांगतात म्हणून शिंपल्याच्या वाळूतही चुना टाकायचा, असं करू नये.

शिंपला आहे की नाही हे घरीच कळतं. चमचाभर सुकी वाळू वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाकायचं. बुडबुडे आले तर चुना आहे.

शास्त्रात हिचं नाव काय?

आपल्याकडे जमिनीची वर्गवारी आजे-पणजे करून गेलेत: कातळ, भरड, मळा, खाजण, पुळण. जमिनीत काय पिकेल आणि पाणी कसं वागेल, हे त्या एका शब्दात येतं. शास्त्राची वर्गवारी जमिनीत खड्डा खणून, थर बघून होते. देशात हे काम करणारी मुख्य संस्था नागपूरला आहे, राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो.

जांभ्या जमिनीत पुरुषभर खड्डा घेतला तर रंग बदलत जातो. वर काळपट, खाली तांबडा, कुठे पिवळा. पुळणीत तेवढाच खड्डा घ्या. वरची वीतभर माती पाचोळ्याने थोडी काळपट दिसेल, खाली सगळी सारखी वाळू. थर तयार व्हायला शेकडो-हजारो वर्षं लागतात आणि इथे लाटा, वारा आणि खाडी मिळून वाळू सारखी हलवत असतात. देवबाग बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. ती जमीन अजून घडतेच आहे.

अशा थर न पडलेल्या तरुण मातीला अमेरिकी पद्धतीत ‘एन्टिसॉल’ म्हणतात. त्या पद्धतीत जगातल्या सगळ्या माती 12 गटांत बसवल्या आहेत, त्यातला हा एक. एन्टिसॉलमध्येही वरपासून खालपर्यंत वाळूच असेल आणि दगडगोटे 35 टक्क्यांपेक्षा कमी असतील तर ती ‘सॅमेंट’. नावाचं मूळ ग्रीक, अर्थ वाळूच. आणि पाऊस ठरावीक महिन्यांत, बाकी काळ कोरडा अशा हवामानातली असेल तर ‘उस्टिसॅमेंट’. दुसऱ्या एका जागतिक पद्धतीत हिला ‘अरेनोसॉल’ म्हणतात. ते नाव ‘अरेना’ या लॅटिन शब्दावरून आलं. त्याचाही अर्थ वाळू. इतक्या मोठ्या नावांनी शेवटी सांगितलं काय, तर पुळण!

तरी या नावांचा एक उपयोग आहे. ती पुळण आणि खाजण वेगळी काढतात. गावात दोन्हींना सर्रास ‘खारी जमीन’ म्हणून मोकळे होतात. खाजण खाडीकाठची, चिकण, भरतीच्या पाण्याने खारावलेली. तिथे मीठ मातीला चिकटून बसतं आणि काढायला बांध, निचरा अशी मेहनत लागते. पुळणीत मीठ चिकटायला जागाच नाही. उधाणाचं पाणी वाडीत शिरलं तरी पुढच्या पावसाळ्यात कोकणातला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस ते धुऊन नेतो. जो निचरा खत पळवतो, तोच मीठही पळवतो.

खाली गोडं पाणी तरंगतंय

पुळणीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर विहिरीला गोडं पाणी कसं लागतं, याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. कारण साधं आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. वाळूतून मुरलेलं पावसाचं पाणी त्या खाऱ्या पाण्यावर तेलासारखं तरंगत राहतं. नियम असा, की भूजलाची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असेल तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. प्रत्यक्षात सीमेवर दोन्ही पाणी मिसळतं, त्यामुळे थर याहून कमीच धरावा.

हाच नियम उलटाही चालतो. पंप लावून पातळी एक फूट खाली नेली आणि तशीच ठेवली, तर खालचं खारं पाणी 40 फुटांपर्यंत वर सरकू शकतं. पुळणीत खोल बोअर मारणं म्हणजे खाऱ्या पाण्याला नळी लावून देणं. उथळ, रुंद विहीर आणि थोडं थोडं उपसणारा लहान पंप, हेच तिथे शहाणपणाचं. वाळूच्या टेकड्या काढल्या तर पाणी साठण्याची उंचीच कमी होते. त्यामुळे मर्यादवेल आणि सुरूने धरून ठेवलेली ती टेकडी म्हणजे गावाची पाण्याची टाकी समजायला हरकत नाही. विकलेला वाळूचा डंपर परत आणता येत नाही.

आणि ही टाकी उघडी आहे. वाळू पाणी झटपट मुरवते, त्यामुळे गाळायला वेळच मिळत नाही. जादा युरिया आणि संडासाच्या शोषखड्ड्याचं पाणी थेट खाली जातं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. नायट्रेटला चव नाही, वास नाही. तान्ह्या बाळांना ते सर्वांत घातक. शोषखड्डा विहिरीपासून लांब घ्या म्हणतात, ते पुळणीत तर दुप्पट खरं.

मग करायचं काय?

खत कमी नको, हप्ते जास्त हवेत. वर्षाचा डोस तेवढाच ठेवून नत्र आणि पालाश किमान तीन वेळा विभागून द्यावं आणि मुसळधार पावसाच्या तोंडावर अजिबात देऊ नये. पाणी थोडं आणि वारंवार. ठिबक असेल तर एका माडाला तोट्या जास्त लावाव्या लागतात, कारण वाळूत पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं. नारळाची सोडणं आळ्यात पुरणं हा सर्वांत स्वस्त उपाय. सोडणाची पोकळ बाजू वर ठेवून थर लावायचे आणि वर वाळू ओढायची. स्पंजासारखं ते पाणी धरतं आणि कुजलं की पालाशही देतं. घरची सोडणं चुलीत घालून बाजारातून पोटॅश आणणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

2015 पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेवर 12 तपासण्या असतात, पण जमीन वाळूची की चिकण, हे त्या बारांत नाही. ते आपणच सांगायचं. बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चांगली हलवून ठेवा. मिनिटाभरात तळाला बसते ती वाळू. पत्रिकेत सेंद्रिय कर्ब 0.5 च्या खाली असेल तर तो कमी समजतात. विद्युत वाहकता 1 च्या आत असेल तर क्षाराची काळजी नाही.

माती परीक्षणाला नमुना खत घालायच्या आधी, मे महिन्यात काढावा. भाजीसाठी वरची वीतभर माती पुरते, माडासाठी दोन-तीन फूट खालचीही वेगळ्या पिशवीत घ्यावी. त्याच वेळी विहिरीच्या पाण्याची एक बाटलीही प्रयोगशाळेत द्यावी. मेमध्ये पातळी सर्वांत खाली असते, त्यामुळे खारं पाणी कुठवर आलंय ते तेव्हाच कळतं. पाऊस पडल्यावर नेलेली बाटली सगळं आलबेल दाखवेल.