कै. जोसेफ सॅक्स : नदीनाल्यांचा वकील

दिनांक ९ मार्च २०१४ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी जोसेफ सॅक्स नावाचे कायदेपंडित वयाच्या ७८ व्या वर्षी निवर्तले. आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानी हे नाव गेले असेल. परंतु ज्याच्या शेताच्या बांधालगत एखादा ओढा वा नाला वाहतो, अशा प्रत्येक खातेदाराचा या गृहस्थाशी दूरचा का होईना, संबंध पोचतो. तो कसा, हे सांगण्याकरिता हा लेखप्रपंच आहे.

आम्ही महसूल खात्यात तीस वर्षे कारकुनी केली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचे कलम २० आम्हांस तोंडपाठ होते. सार्वजनिक रस्ते, नद्या, ओढे, नाले, तळी यांची पात्रे आणि त्यांतील पाणी ही राज्य शासनाची मालमत्ता होय, असे ते कलम सांगते. त्यावरून आमची अशी समजूत झाली होती की, शासन मालक, आणि मालकाने आपली वस्तू कोणास दिली तर त्यात तिऱ्हाइताने बोलण्यासारखे काही नाही. ही समजूत अपुरी आहे, हे पुढे सॅक्स यांच्या विचाराने आम्हांस कळून आले.

सॅक्स यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९३६ रोजी शिकागो येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी १९५९ साली शिकागो विद्यापीठात कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. काही वर्षे वॉशिंग्टन येथे वकिली केल्यावर ते कोलोरॅडो प्रांती अध्यापक झाले व तेथे पाणीहक्काचा कायदा शिकवू लागले. तो मुलूख कोरडा. तेथे नदीचे पाणी ज्याने प्रथम उचलून कामी लावले, त्याचा हक्क प्रथम, असा नियम आहे. सर्वांनीच असे हक्क बजावले तर नदीत नदीपुरते तरी पाणी उरेल काय, हा प्रश्न अशा मुलखात कोणासही पडावा.

१९६६ साली ते मिशिगन विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी आपल्याच जन्मगावचा एक जुना खटला पुन्हा उजेडात आणला. १८६९ साली इलिनॉय प्रांताच्या विधिमंडळाने शिकागोपुढील मिशिगन सरोवराच्या तळाची एक हजार एकरांहून अधिक जागा एका रेल्वे कंपनीस देऊन टाकली होती. चार वर्षांनी विधिमंडळास पश्चात्ताप झाला व ते दान रद्द करण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले. १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, असे दान करण्याचा अधिकार प्रांतास मुळी नव्हताच. कारण त्या जलाशयाचा ताबा त्याजकडे लोकांचा विश्वस्त या नात्याने होता.

आमच्या वाचकांस हे तत्त्व परके वाटू नये. देवस्थान इनामाची जमीन पुजारी वहिवाटतो, पिकवितो, उत्पन्न खातो. परंतु ती विकण्याचा अधिकार त्यास नसतो, कारण ती देवाची. त्याचप्रमाणे शासन हे नदीचे वहिवाटदार आहे, धनी नव्हे. वाहते पाणी, हवा, समुद्र व त्याचा किनारा ही सर्वांची सामाईक होत, असे जस्टिनियन बादशहाच्या काळच्या रोमन कायद्यातही सहाव्या शतकात लिहून ठेविलेले आहे. सॅक्स यांनी हा धागा उचलून १९७० साली एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला व हे तत्त्व नव्या काळाच्या उपयोगी आणिले. त्याच वर्षी त्यांनी रचलेल्या मसुद्यावरून मिशिगन प्रांतात कायदा झाला. हवा, पाणी व निसर्गसंपत्ती यांचा नाश होत असेल तर कोणाही सामान्य नागरिकास न्यायालयात दाद मागण्याचा हक्क त्या कायद्याने मिळाला. आपले स्वतःचे नुकसान सिद्ध करण्याची अट त्यास राहिली नाही.

या विचाराची मोठी कसोटी कॅलिफोर्नियात लागली. तेथील मोनो सरोवरास मिळणाऱ्या चार ओढ्यांचे पाणी लॉस एंजेलिस शहर १९४१ पासून नेत होते. तसा रीतसर परवानाही शहरापाशी होता. चाळीस वर्षांत सरोवराची पातळी चाळीस फुटांहून अधिक उतरली. पाणी अधिकाधिक खारे झाले. ज्या बेटावर हजारो पक्षी अंडी घालीत, त्या बेटापर्यंत कोरडी वाट तयार होऊन कोल्ह्यांच्या जातीची जनावरे तेथे शिरली. १९८३ साली प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅक्स यांच्या निबंधाचा आधार घेऊन असे ठरविले की, परवाना एकदा दिला म्हणून शासनाची विश्वस्ताची जबाबदारी संपत नाही. तिचा विचार पुन्हा पुन्हा केला पाहिजे. पुढे १९९४ साली सरोवराची पातळी किती असावी हे ठरवून शहराच्या उचलीवर मर्यादा घालण्यात आली. सरोवर आटावयाचे थांबले. तथापि २०२४ साली तीस वर्षे पुरी झाली, तेव्हाही ते ठरल्या पातळीस पोचले नव्हते. नासलेले पाणवठे निकालाच्या कागदाने एका दिवसात भरून येत नाहीत, हेही यावरून ध्यानी घ्यावे.

सॅक्स हे केवळ पाण्याचे पंडित नव्हते. डोंगररानांची त्यांस ओढ होती. राष्ट्रीय उद्यानांवर त्यांनी १९८० साली एक ग्रंथ लिहिला. डोंगरास कठडे बांधून त्याची जत्रा करू नये, माणसाने तेथे स्वतःच्या पायांनी व स्वतःच्या नजरेने जावे, असे त्यांचे म्हणणे. चित्रे, जुने कागद व हस्तलिखिते यांविषयीही त्यांस मोठी आस्था होती. १९९९ सालच्या ग्रंथात त्यांनी विचारले की, रेम्ब्रांसारख्या थोर चित्रकाराचे चित्र विकत घेणाऱ्यास त्यावर बाण फेकून खेळण्याचाही हक्क मिळतो काय? चर्चिल यांचे पार्लमेंटने भेट दिलेले चित्र त्यांस न आवडल्यामुळे घरच्यांनी नष्ट केले. न्यूयॉर्क येथील रिव्हेरा यांचे भित्तिचित्र इमारतीच्या मालकांनी १९३४ साली फोडून टाकविले. अशा हकीकती त्यांनी पुढे मांडल्या. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दप्तरांकरिता गावोगाव दारोदार हिंडले, ते आठवले म्हणजे या प्रश्नाचे मोल कळते. माळ्यावरचे रुमाल घरमालकाचे खरे. पण त्यांतील इतिहास एकट्या त्याचा नव्हे. डोंगर, चित्र आणि नदी या तिन्ही छंदांत सॅक्स यांचा विचार एकच होता.

हा विचार आमच्या देशी आला तो बियास नदीच्या काठी. हिमाचल प्रदेशात कुलू-मनाली भागातील एका प्रवासी निवासाच्या चालकांस नदीकाठची वनजमीन पट्ट्याने मिळाली होती. नदीचा लोंढा आपल्या इमारतीवर येऊ नये म्हणून त्यांनी यंत्रे लावून प्रवाहच वळविला. दिनांक १३ डिसेंबर १९९६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सॅक्स यांच्या निबंधातील विस्तृत उतारे देऊन तो पट्टा रद्द केला व हे विश्वस्ततत्त्व भारताच्या कायद्याचा भाग आहे असे जाहीर केले. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी त्याच न्यायालयाने गावतळी, गायराने इत्यादी सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याची योजना आखण्यास सर्व राज्यांस फर्माविले.

आता कोणी खातेदार म्हणेल, ‘हे तत्त्व उद्या आमच्याच मोटारी बंद करील, मग त्याचे कौतुक आम्ही का करावे?’ ही शंका रास्त आहे. नदीवरून पाणी उचलणाऱ्यावर या तत्त्वाने बंधन येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ते प्रथम बांधते शासनास आणि बलिष्ठास. त्याच्या अभावी काय घडते, याचा एक दाखला आमच्याच हातचा आहे.

एका गावी एका वजनदार खातेदाराने शेतातून जाणारा नाला बुजवून जमीन सपाट केली. खालच्या तिघा लहान शेतकऱ्यांनी अर्ज दिला. आमच्याकडे प्रकरण आले, पाठोपाठ वरून तोंडी सूचनाही आली. ‘नाल्यास पाणी नसते, सबब प्रकरण निकाली काढून दप्तरी दाखल करावे,’ अशी टिपणी आम्ही आमच्या हाताने लिहिली. दोन पावसाळे कोरडे गेले. तिसऱ्या वर्षी एका रात्री ढग फुटल्यागत पाऊस झाला, आणि पाण्याने आपली वाट त्या तिघांच्या उभ्या सोयाबीनमधून काढली. पीक तर गेलेच, वरची काळी मातीही खरडून गेली व मुरूम उघडा पडला. पंचनाम्याचे कागद आमच्याच टेबलावर आले. नुकसानभरपाई मिळाली ती पिकाची आणि बेताचीच. माती कोण भरून देणार? त्या तिघांपैकी एकाने आम्हांस दोष दिला नाही. तो एवढेच म्हणाला, ‘भाऊसाहेब, नकाशात तर नाला होता.’

हे शब्द आम्ही विसरलो नाही. नाला शासनाचा, मग आम्ही शासनाचे कारकून त्याचे धनी, असे आम्ही धरून चाललो होतो. वस्तुतः आम्ही त्याचे राखणदार होतो.

सबब वाचकांस आमची एवढीच विनंती आहे की, प्रत्येकाने भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावच्या नकाशाची नक्कल मिळवावी व त्यावरील ओढेनाले पायी फिरून ताडून पाहावे. जेथे रेघ आहे पण पात्र नाही, तेथे ग्रामसभेत विषय काढावा, अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी. आपल्याच नांगराने पात्र दाबले असेल, तर पेरणीपूर्वी ते मोकळे करावे. सॅक्स यांच्या स्मृतीस शेतकऱ्याने वाहावयाची आदरांजली ती हीच होय.