गौरीचा नैवेद्य आणि अग्नीची राखण

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा गौरी घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर त्यांना निरोप दिला जातो. पूजनाच्या दिवशी सारा भार स्वयंपाकघरावर असतो. पुरण, सोळा भाज्या, कटाची आमटी, तळण हा थाट पूर्वी चुलीवर होई, आज तो गॅसच्या शेगडीवर होतो. अग्नीचे रूप पालटले, दाहकत्व पालटले नाही.

गृहस्थाच्या हातून नकळत हिंसा घडण्याची पाच स्थाने मनुस्मृतीने सांगितली आहेत. त्यांत चूल पहिली. तेथे होरपळणाऱ्या सूक्ष्म जीवांचाही जो धर्म विचार करतो, त्याला चुलीपुढे उभ्या गृहलक्ष्मीच्या जिवाची चिंता नसेल काय?

१९९४ सालची गोष्ट. आमच्या घरी नैवेद्याची घाई चालली असता गॅसचा उग्र दर्प आला. देवघर स्वयंपाकघरातच, गौरींपुढे समई तेवत होती. मातोश्री म्हणाल्या, "गौरीपुढचा दिवा मालवायचा नाही." तीर्थरूप शास्त्री होते. त्यांनी फुलाने समई शांत केली, शेगडी व सिलिंडर बंद केले, दारे-खिडक्या उघडल्या आणि सर्वांना अंगणात नेले. म्हणाले, "दिवा पुन्हा लावता येईल. घरची सून पुन्हा कोठून आणायची?" मागाहून पाहतो तो नळीला भेगा पडलेल्या. दोष आमचाच, ती वेळेवर बदलली नव्हती.

हा गॅस हवेहून जड असतो. तो वर न जाता जमिनीलगत साचतो आणि खाली तेवणाऱ्या समईपर्यंत पोहोचतो. म्हणून देवाचा दिवा शेगडी-सिलिंडरपासून दूर असावा. दर्प येताच दिवा व उदबत्ती शांत करावी, विजेचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये. बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. सिलिंडर उभाच ठेवावा व शेगडी त्याहून उंचावर असावी. नळी भेगाळल्यास तत्काळ आणि एरवीही पाच वर्षांच्या आत बदलावी. रात्री रेग्युलेटर बंद करूनच निजावे.

सोवळ्याविषयीही सांगितले पाहिजे. अस्सल रेशीम सहसा चटकन पेटत नाही. परंतु रेशमासारखे दिसणारे कृत्रिम वस्त्र वितळून अंगाला चिकटते. पदर खोचून, सुती वस्त्रात केलेला स्वयंपाक देवाला अधिक प्रिय आहे, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. भाजल्यास तूप वा हळद न लावता वीस मिनिटे गार वाहत्या पाण्याखाली धरावे.

काटकसर हीही अन्नपूर्णेची सेवाच आहे. सारे साहित्य सिद्ध करून मगच शेगडी पेटवावी. हरभऱ्याची डाळ आधी भिजवावी. कुकरमध्ये डाळ-पाणी मिळून निम्म्याहून अधिक भरू नये, कारण फेस येऊन वाफेची वाट बुजते. शिटीची वाट स्वच्छ आहे ना, हेही पाहावे. वाफ धरली की आच मंद करावी. पाण्याला उकळी आल्यावर मोठ्या आचेने ते अधिक तापत नाही, केवळ आटते. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नये. ती निळी असावी. पिवळी झाली व भांडी काळवंडू लागली, की बर्नरची छिद्रे साफ करावीत. पुरण आटताना शिंतोडे उडतात, म्हणून लांब दांड्याचे उलथणे घ्यावे.

ऋग्वेदाचे पहिले सूक्त अग्नीचे आहे. ज्याला ऋषींनी प्रथम आळविले, त्याच्याकडे पाठ फिरवून दारी आलेल्या सवाशिणीशी बोलत बसू नये, एवढेच मागणे. नैवेद्य थोडा उशिरा झाला तरी गौरी रुसत नाहीत. त्या माहेरवाशिणी आहेत. घरची लेक-सून सुखरूप पाहण्यातच त्यांचा संतोष आहे.