पुडीवरची शाई

चतुर्थीच्या दिवसांत मालवण, कुडाळ, कणकवलीकडे घरोघर भजनासाठी पखवाज निघतो आणि नेमका त्याच दिवसांत तो सर्वांत जास्त सतावतो. पावसाळी दमट हवा कातड्यात शिरते, पुडी सैल पडते, सूर उतरतो. पेटीचा सूर तर हलत नाही, बुवांची पट्टी ठरलेली. जुळवून घ्यायचं ते पखवाजानंच. सिंधुदुर्गात ध्वनीचं विज्ञान शिकायचं, तर याहून चांगलं साधन दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

साधं ताणलेलं गोल कातडं वाजवलं, तर त्यातून एकाच वेळी अनेक कंपनं उठतात. मूळ कंपन 1 धरलं तर पुढची 1.59, 2.14, 2.30 अशी. ती एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाचा आवाज दणदणीत असला तरी त्यात नेमका सूर सापडत नाही. पखवाजाच्या उजव्या पुडीत मात्र ही कंपनं जवळपास 1, 2, 3, 4, 5 अशा पटीत येतात, तारेच्या वाद्यासारखी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली ‘नेचर’मध्ये मृदंग-तबल्याच्या या गुणाबद्दल लिहिलं आणि 1934 साली बारीक वाळू पसरून पुडीवर उमटणाऱ्या आकृत्यांसह तो सविस्तर मांडला. कारागिरांच्या कानांनी हे कोडं त्याच्या कितीतरी आधी सोडवलं होतं.

ती सगळी करामत काळ्या शाईची. लोखंडाची बारीक पूड शिजवलेल्या भाताच्या खळीत कालवायची, पुडीच्या मध्यावर त्याचा पातळ थर द्यायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटत राहायचं. थर सुकला की त्यावर दुसरा, थोड्या लहान घेराचा. मध्यावर शाई जाड, कडेला पातळ. घोटता घोटता तिच्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या पडायलाच हव्यात. अखंड शाई दगडासारखी ताठ राहून कातड्याला जखडून ठेवील. भेगांमुळे वजन तेवढंच राहतं आणि पुडी मोकळी हलते. डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात तीही वजनासाठीच, पण तिथं हवा असतो खोल खर्ज. कणीक वाळली की आवाज बदलतो, म्हणून ती दर बैठकीला नव्यानं लावायची.

वादीच्या, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांनी ताणलेल्या, पखवाजात लाकडी गठ्ठे ठोकून सूर चढवतात. सूर अर्ध्या स्वरानं चढवायला ताण सुमारे 12 टक्के वाढवावा लागतो. सप्तकभर चढवायचा तर चौपट. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, समोरचे बुवा तयारीत बसलेले असताना ठोकाठोकीला वेळ कुठला? म्हणून आता लोखंडी कडं आणि नट-बोल्टचा पखवाज सर्रास दिसतो. पाना फिरवला की काम झालं. माझ्या कानाला वादीच्या पखवाजाची गोलाई अधिक भावते, तरी बोल्टला कमअस्सल म्हणणं मला पटत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेला दिलेलं ते कारागिराचं उत्तर आहे. जत्रांच्या दिवसांत, दशावताराच्या रात्री हवा कोरडी पडते आणि पुडी उलट चढू लागते; तेव्हा तोच पाना उलटा फिरतो.

शाळेत हे सहज दाखवता येईल. शाईच्या कडेला एक बोट अलगद टेकवून किनारीवर आघात करा: मूळ सूर दबतो आणि त्याच्या दुपटीचा सूर स्पष्ट ऐकू येतो. मग डाव्या तोंडाची कणीक खरवडून काढा आणि थाप मारा. वजन गेल्यावर आवाज किती वर जातो, ते पाचवीतलं पोरही सांगेल.